काय म्हणाली ती?

संध्याकाळचे साडेसात. हॉलमध्ये मालिका सुरू आहे, आत तव्यावर पोळी आहे. मालिकेतली एक बाई महिनाभर पोटात ठेवलेली गोष्ट आता सांगणार, तोंड उघडलंसुद्धा, आणि नेमकी कुकरची शिट्टी होते. शिट्टी ओसरेपर्यंत सांगून झालेलं असतं. पडद्यावर एकेकाचा चेहरा तीन-तीनदा दाखवणं चाललेलं असतं, पण चेहरे काही भिंतीपलीकडे ऐकू येत नाहीत. आतून हाक येते, "काय म्हणाली रे ती?" सोफ्यावरचा मुलगा मोबाइलमधून मान वर न काढता म्हणतो, "काही नाही गं आई, नेहमीचंच." तव्यावरची पोळी उलटते, मालिका जाहिरातीत शिरते. भांडण नाही, रुसवा नाही. पण तो 'नेहमीचंच' शब्द कुसळासारखा रुतून बसतो. जिने महिनाभर वाट पाहिली तिला एका शब्दात वाटेला लावलं, आणि ज्याने लावलं त्याने स्वतःही काही ऐकलेलं नव्हतं.

खरं तर आत काहीच ऐकू येत नाही असं नसतं. पार्श्वसंगीताची धुमधुम येते, पुरुषांच्या आवाजाची घरघर येते, कुणी रडतंय की ओरडतंय एवढंही कळतं. कळत नाहीत ते शब्द. साडेचार इंची विटांची भिंत खालचे, जाडे सूर बऱ्यापैकी जाऊ देते आणि वरचे, बारीक सूर गिळते. शब्दांचा अर्थ मात्र त्या वरच्या सुरांतच बसलेला असतो. स, श, त, क, च ही व्यंजनं साधारण 2000 हर्ट्झच्या (सेकंदाला 2000 कंपनांच्या) वर आपली ओळख पटवतात. ती गळाली की उरतात नुसते स्वर, म्हणजे आ, ई, ऊ. त्यात एक्झॉस्ट फॅनची सतत सूंऽऽ, नळाखाली वाजणारी भांडी, फोडणीची चरचर. हे सगळे आवाज पुन्हा त्याच वरच्या पट्टीतले. शिवाय आजकालचे टीव्ही इतके सडपातळ झालेत की त्यांचे स्पीकर तोंड खाली किंवा मागे करून बसवलेले असतात. हॉलमध्ये बसलेल्यालाच संवाद धड कळत नाहीत, तिथे स्वयंपाकघराची काय कथा.

मग पहिला उपाय सगळेच करतात. आवाज वाढवतात. वीसवरून तीस, तीसवरून चाळीस. आता हॉलमधल्या आजोबांचं डोकं उठतं, शेजारचे दार लावून घेतात आणि आत पूर्वीपेक्षा मोठी धुमधुम ऐकू येते. शब्द तिथेच. कारण साधं आहे: मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज 6 डेसिबलने उतरतो. टीव्ही ओट्यापासून 7 मीटरवर असेल आणि त्याऐवजी एखादा छोटा स्पीकर 1 मीटरवर ठेवला, तर हिशेबाने 17 डेसिबलचा फरक पडतो. घराच्या भिंती आवाज परतवतात म्हणून प्रत्यक्षात थोडा कमी पडेल. पण 10 डेसिबलला कान 'निम्मा' किंवा 'दुप्पट' म्हणतो, हे लक्षात घेतलं तर हा फरक लहान नाही. आणि मधे भिंत नाही, हा फायदा वेगळाच.

आवाज मोठा नको असतो. जवळ हवा असतो.

ही गोष्ट आधीच्या पिढ्यांना शिकवावी लागली नाही. रेडिओ स्वयंपाकघरात सहज जायचा. फडताळावर, डब्यांच्या रांगेत, पिठाचा हात लागून पांढरं पडलेलं बटण, चामड्याच्या कव्हरला लागलेला तेलाचा वास. त्याच्याकडे बघावं लागत नसे, म्हणून तो कुठेही चालायचा. 2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि घराला प्रथमच एक असं यंत्र मिळालं, ज्याच्यासमोर येऊन बसावं लागतं. बसायला सवड कुणाला असते आणि कुणाला नसते, हे त्या यंत्राने काही न बोलता घरोघर मांडून दाखवलं. पुढे काही खिशातल्या ट्रान्झिस्टरांवर एफएमच्या शेजारी 'टीव्ही' असा एक पट्टा यायचा. त्यावर दूरदर्शनचा नुसता आवाज पकडता येई. चित्र हॉलमध्ये, आवाज ओट्यावर, तोही बिनतारी आणि दोन्हींत कणभर अंतर न पडता. ते जुनं प्रक्षेपण गेलं आणि ती सोयही गेली. आता तेच साधायला टीव्हीच्या पाठीमागे टॉर्च घेऊन वाकावं लागतं.

वाकल्यावर काय दिसतं, ते प्रत्येक टीव्हीचं वेगळं असतं. हेडफोनचं 3.5 मिलीमीटरचं भोक असेल तर मोह होतो, कारण तार सगळ्यात स्वस्त. पण बऱ्याच टीव्हींत त्यात पिन घातली की टीव्हीचे स्वतःचे स्पीकर गप्प होतात. म्हणजे स्वयंपाकघर बोलकं झालं आणि हॉल मुका. काही टीव्हींच्या ध्वनीच्या मेनूत दोन्ही चालू ठेवायचा पर्याय असतो, तो आधी शोधावा. नसला तर दुसरं भोक बघायचं: ऑप्टिकल. छोटंसं चौकोनी तोंड, झडप लावलेलं, टीव्ही चालू असताना आत लाल उजेड. तारेऐवजी प्रकाशाची काडी. सेट-टॉप बॉक्सच्या मागे लाल-पांढऱ्या-पिवळ्या तोंडांचा जुना त्रिकूट असेल, तर लाल-पांढऱ्यातूनही आवाज काढता येतो. एचडीएमआय लावलेली असली तरी ही तोंडं बहुतेक बॉक्सांवर चालूच राहतात. फक्त हा आवाज बॉक्सचा, टीव्हीचा नाही. टीव्हीवरच्या अॅपमध्ये सिनेमा लावला की स्वयंपाकघरात शांतता, किंवा त्याहून वाईट म्हणजे मागे चालू राहिलेल्या बातम्या.

ऑप्टिकलची वाट बहुतेक घरांना सोयीची. त्यासाठी एक डबी लागते, दुकानात 'डिजिटल टू अॅनालॉग कन्व्हर्टर' म्हणून साधारण 500 ते 800 रुपयांत मिळते. एका बाजूला ऑप्टिकल आत, दुसऱ्या बाजूला लाल-पांढरी तोंडं बाहेर, 5 व्होल्टचा पुरवठा. ही डबी आणल्यावर बऱ्याच घरांत पहिल्या संध्याकाळी काहीच वाजत नाही आणि डबीला शिव्या बसतात. दोष दोनच जागी असतो. एक, ऑप्टिकल तारेच्या दोन्ही टोकांवर पारदर्शक प्लास्टिकची इवलीशी टोपणं असतात, ती काढलेली नसतात. दोन, टीव्हीच्या मेनूत डिजिटल आवाज 'ऑटो', 'बिटस्ट्रीम' किंवा डॉल्बीवर असतो. स्वस्त डबीला ती भाषा कळत नाही. तिथे 'पीसीएम', म्हणजे न बांधलेला साधा डिजिटल आवाज, निवडायचं. चुकीच्या जागी राहिलं तर कधी शांतता, कधी कुरकुर, आणि कधी मजा म्हणजे मालिका ऐकू येते, सिनेमा येत नाही. ही काडी तारेसारखी कोपऱ्यात काटकोनात दुमडायची नाही. आत प्लास्टिकचा तंतू असतो, वळण बांगडीएवढं तरी मोठं ठेवावं.

हेडफोनच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी एक गंमत सांगायलाच हवी, कारण ती भुताटकीसारखी वाटते. पिन पूर्ण आत बसली नाही, किंवा मोबाइलच्या इअरफोनची चार पट्ट्यांची पिन तीन पट्ट्यांच्या जागी घातली, तर कधी कधी दोन्ही वाहिन्यांची सामाईक परतीची तार सुटते. मग स्पीकरला डाव्या-उजव्या वाहिन्यांची बेरीज मिळायच्या ऐवजी वजाबाकी मिळते. संवाद आणि गायकाचा गळा दोन्ही वाहिन्यांत सारखाच असतो, म्हणून तो वजा होऊन शून्य होतो. उरतात कडेची वाद्यं आणि घुमारा.

गाणं चालू, गायक गायब.

तसं झालं तर स्पीकर उघडू नका, पिन काढून नीट दाबून बसवा.

आता आवाज आत न्यायचा कसा? सगळ्यांच्या तोंडी पहिलं नाव ब्लूटूथचं येतं, आणि दुकानदारही तेच पुढे सरकवतो. तारा नाहीत, भोकं नाहीत. पण साध्या ब्लूटूथमध्ये आवाज बांधायला, पाठवायला आणि सोडायला मिळून 150 ते 250 मिलिसेकंद जातात. यावर लोक म्हणतात, स्वयंपाकघरात चित्र कुठे दिसतंय, ओठ जुळले नाहीत तरी काय बिघडलं? बरोबर आहे, डोळ्याचं काही बिघडत नाही. बिघडतं कानाचं. हॉलमधला मूळ आवाज दारातून आत येतच असतो. त्याच्या मागोमाग पाव सेकंदाने तेच वाक्य स्पीकरमधून येतं. प्रत्येक सासू दोनदा बोलते. हवेतून आवाज 1 मीटर जायला सुमारे 3 मिलिसेकंद घेतो. म्हणजे 7 मीटरवरचा टीव्ही तारेने जोडलेल्या मीटरभरावरच्या स्पीकरपेक्षा सुमारे 18 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, आणि एवढा फरक मेंदू मुकाट्याने गिळून टाकतो. दोन्ही मिळून एकच आवाज ऐकतो आणि तो आधी आलेल्या दिशेने येतोय असं मानतो. बोलण्याच्या बाबतीत 50 मिलिसेकंदांच्या पुढे गेलं की मात्र तो सोसत नाही, प्रतिध्वनी म्हणू लागतो. या सहनशक्तीला संशोधक हेल्मुट हास यांचं नाव मिळालं आहे. 1949 साली जर्मनीत त्यांनी प्रबंधात ती मोजून मांडली. टीव्हीच्या मेनूतला 'ऑडिओ डिले' इथे कामाचा नाही. तो आवाज आणखी मागे ढकलू शकतो, मागे पडलेल्याला पुढे ओढू शकत नाही.

म्हणून ब्लूटूथ चालतं ते दार लावून घेता येणाऱ्या स्वयंपाकघरात. ओपन किचनमध्ये ते वैताग आणतं. कमी विलंबाचे संच मिळतात, 40 मिलिसेकंदांच्या आसपासचे, पण ते तंत्र टीव्हीकडच्या देणाऱ्या आणि स्पीकरकडच्या घेणाऱ्या, दोन्ही डब्यांत असावं लागतं. एकीकडेच असेल तर गाडं गुपचूप साध्या चालीवर येतं. त्यात स्वयंपाकघर ही ब्लूटूथसाठी शत्रूची छावणी. मायक्रोवेव्ह ओव्हन त्याच 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो, भात गरम करायला ठेवला की संवाद अडखळतात. स्टीलची मांडणी, फ्रिजची पाठ, डब्यांची भिंत, सगळं लहरी अडवणारं. तरीही हाच मार्ग धरायचा असेल, तर देणारी डबी टीव्हीच्या पाठीशी लपवू नका. टीव्हीच्या धातूच्या पत्र्याआड तिची निम्मी ताकद मरते. फूटभर तार जोडून ती कडेला, दाराच्या दिशेने बाहेर काढा.

तारेचा मार्ग कंटाळवाणा आहे आणि तोच टिकतो. इथेही एक फाटा आहे. पहिला प्रकार: अॅम्प्लिफायर, म्हणजे बारीक आवाजाला बळ देणारं यंत्र, टीव्हीजवळ, तिथून स्पीकरची दोनपदरी तार आत, आत नुसता स्पीकर. 10 मीटरपर्यंत 1 चौरस मिलीमीटरची तांब्याची तार पुरते. जाऊन-येऊन 20 मीटर तांबं, त्याचा अडथळा जेमतेम 0.34 ओहम, 8 ओहमच्या स्पीकरपुढे नगण्य. आत वीज न्यावी लागत नाही, वाफेचं आणि पाण्याचं भय नाही. इलेक्ट्रिशियन हाच प्रकार सुचवेल. दुसरा प्रकार: बारीक संकेत तेवढा आवरणवाल्या तारेतून आत न्यायचा आणि अॅम्प्लिफायर स्पीकरजवळ ठेवायचा. त्याला आत प्लग लागतो, तार चांगली लागते, कटकट जास्त. तरी दुसरा बरा. पहिल्यात आवाज कमी-जास्त करायचं बटण हॉलमध्ये राहतं. म्हणजे पुन्हा आतून हाक, "जरा वाढव रे," आणि बाहेरून पुन्हा तेच, "आहे की गं एवढा."

बटण ओट्याशीच हवं.

सामान फारसं लागत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत एका फेरीत सगळं मिळतं. 3 किंवा 4 इंची फुल-रेंज (जाडे-बारीक सगळे सूर काढणारा) स्पीकर एकच, दोन नकोत. भाजी चिरणाऱ्या माणसाला डावं-उजवं कळून उपयोग नाही. 5 व्होल्टवर चालणारी, पीएएम8403 नावाच्या चिपची बोटभर अॅम्प्लिफायर पाटी, बटण लावलेलीच मिळते. एका वाहिनीमागे 3 वॅटपर्यंत देते, आणि मीटरभर अंतरावर बोलणं ऐकायला 1 वॅटही फार झाला. दोन वाहिन्या एका स्पीकरसाठी एक करायच्या, तर तारा थेट पिळून जोडू नका. प्रत्येकीच्या वाटेत 1 किलोओहमचा रेझिस्टर (प्रवाह अडवणारा छोटा तुकडा) घाला आणि त्यांच्या पुढच्या टोकांना एकत्र आणा. नाहीतर आधीच्या यंत्राच्या दोन वाहिन्या एकमेकींशी झोंबत बसतात. दुसरी चूक नेहमी जुने, हुशार हात करतात. जुन्या अॅम्प्लिफायरमध्ये स्पीकरची काळी तार म्हणजे अर्थिंग, ती कुठेही जोडली तरी चाले. या पाट्यांवर स्पीकरची दोन्ही टोकं जिवंत असतात. काळी तार अर्थिंगला किंवा दुसऱ्या वाहिनीच्या काळीला टेकवली की पाटी तापते, आणि बरेचदा तिथेच संपते.

भिंतीला भोक पाडताना तयार तार घेतली असेल तर 14 मिलीमीटरचं पाडावं लागतं, कारण लाल-पांढरी टोकं जाड असतात. तार आधी ओवून टोकं नंतर झाळली तर 8 मिलीमीटर भागतं आणि टाइल फुटायची भीती कमी. स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली ड्रिल लावायचं नाही, आत विजेची नळी असते. नळाच्या रेषेतही नाही. पुढे भिंतीवरून केसिंग पट्टीत तार न्यावी, पण विजेच्या तारांच्या पट्टीत मिसळू नये. त्यांना ओलांडायचंच असेल तर काटकोनात ओलांडावं. घराचं काम निघालंच असेल, तर टीव्हीपासून ओट्यापर्यंत एक रिकामी 25 मिलीमीटरची नळी टाकून आत एक तार ओढून ठेवली की झालं. खर्च किरकोळ, आणि नंतर कुणाचीच मनधरणी करावी लागत नाही.

सगळं जोडून झालं, स्पीकर बोलला, आणि मागे एक मंद हुंऽऽ राहिला, तर तो आपल्या विजेचा 50 हर्ट्झचा सूर आहे. टीव्ही, केबलची जाड तार आणि आतला अॅम्प्लिफायर वेगवेगळ्या वाटांनी जमिनीला जोडले गेले की तारेच्या आवरणातून प्रवाह फिरू लागतो. केबलची तार क्षणभर काढून बघा, हुं थांबला तर निदान झालं. उपाय म्हणून अर्थिंगची जाड पिन तोडणारे महाभाग आहेत. तसं करू नका. फ्रिज आणि पाण्याच्या सोबतीने राहणाऱ्या खोलीत तर मुळीच नाही. मधे 'ग्राउंड लूप आयसोलेटर' घाला, आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात. ऑप्टिकल वापरलं असेल तर हा दोष मुळात यायला नको, कारण प्रकाशातून वीज वाहत नाही. पण लोक डबीला पुरवठा टीव्हीच्याच यूएसबीतून देतात, आणि काडीने तोडलेलं नातं त्या तारेने पुन्हा जोडलं जातं. डबीला वेगळा मोबाइल चार्जर द्या. आणि आतल्या पाटीचा चार्जर मिक्सरच्या एक्स्टेन्शनवर लावू नका. मिक्सरच्या कार्बन ब्रशांच्या ठिणग्या स्पीकरमध्ये चरचरतात. तसा मिक्सर चालू असताना काही ऐकू येईल ही आशाच सोडावी. त्याच्याशी स्पर्धा करायला गेलं की मिक्सर थांबल्यावर नायिका अंगावर येते.

स्पीकर कुठे ठेवायचा यावर घरात चर्चा होते, आणि पहिल्यांदा तो फ्रिजवर जातो. फ्रिजचा कंप्रेसर चालू झाला की डबा थरथरतो, म्हणून तिथे नको. शेगडीच्या वरच्या कपाटाखाली जागा छान दिसते, पण फोडणीची वाफ तेल घेऊन वर जाते आणि महिन्याभरात जाळीवर पिवळा चिकट थर बसतो. कागदी कोन असेल तर तो ओलसर होऊन आवाज बोदा होतो. ओट्याच्या विरुद्ध भिंतीवर, कानाच्या उंचीला, शेगडीपासून मीटरभर लांब, अशी फळी उत्तम. कापडाची जाळी नको, पुसता येईल अशी पत्र्याची हवी.

आणि मग एके संध्याकाळी कुकरची शिट्टी होते, ओसरते, आणि आतून हाक येत नाही.

तिने ऐकलेलं असतं. स्पष्ट, शिट्टीच्या आधीचा आणि नंतरचाही शब्द. हे बरं झालं असं सगळे म्हणतात, आणि झालंही असतं. आठ दिवसांनी कुणाच्या तरी लक्षात येतं की संध्याकाळी घरात एक वाक्य कमी बोललं जातंय. "काय म्हणाली ती" विचारायला निदान नाव घेऊन हाक मारली जायची, आणि खोटंच का होईना, उत्तर यायचं. शिवाय आता पोळ्यांची पाळी दुसऱ्या कुणाची असू शकते का, हा विषयही निघत नाही. आत सगळी सोय केलीय की. या एवढ्याशा डब्यावर असा आरोप ठेवणं अन्यायाचं आहे हे कळतं, तरी त्याच्याकडे बघून तो आठवतो. उलट बाजूही आहे. पूर्वी मालिकेत काय झालं हे बाहेरचे तिला सांगायचे. आता मोबाइलमधून मान वर काढून मुलगा विचारतो, "आई, हा कोण आता?" आणि आतून अख्खी वंशावळ येते.

ऑप्टिकलच्या वाटेचा एक स्वभाव शेवटी कळतो. बहुतेक टीव्हींत त्यातून येणारा आवाज ठरावीक पातळीचा असतो, रिमोटने तो कमी होत नाही. फोन आला म्हणून हॉलमध्ये टीव्ही म्यूट केला तरी आत मालिका बोलतच राहते. काहींना हा दोष वाटतो. मग त्यांनी हेडफोनची वाट धरावी, तिथे रिमोटची हुकमत बहुधा चालते. बाकीच्यांनी अॅम्प्लिफायरच्या बटणावर नेलपॉलिशचा एक ठिपका द्यावा, नेहमीच्या आवाजाच्या जागी. पिठाच्या हाताने, न बघता, करंगळीने फिरवता येतं. ठिपका तेलाने पुसट झाला की पुन्हा द्यायचा.